ज्याची बेरीज त्याने करावी

बांद्याजवळ तेरेखोल नदीच्या काठी एक गाव आहे. तिथे प्रथमेश नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा राहत होता. आयटीआय झालेला, हसतमुख आणि हाताला उपजत लय. गावच्या भजनी मंडळाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, असली की लोक बुवांचा गजर ऐकत आणि डोळे मात्र प्रथमेशच्या पखवाजावर ठेवत. पोटापाण्यासाठी तो रोज पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यातल्या एका औषध कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायचा.

नाक्याच्या अलीकडे महाराष्ट्र. इथे विदेशी दारूच्या परवान्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. पलीकडे गोवा. तिथे १८ पुरतात आणि बाटलीही स्वस्त. त्यामुळे प्रथमेश नाक्याच्या एका बाजूला अजाण होता आणि दुसऱ्या बाजूला जाणता. शनिवारी शिफ्ट सुटली की तो आणि त्याचे चार-पाच सोबती हमरस्त्याकडेच्या बारमध्ये बसत. तो रोज पिणारा नव्हता, पण शनिवारी एकदा बसला की उठायचं भान राहत नसे. रात्री बाईक मारत घरी, रविवार अंथरुणात आणि सकाळची भजनाची तालीम चुकलेली, असं वर्षभर चाललं होतं.

त्याला सुधारण्याचा पहिला प्रयत्न बाबांनी केला. एका रविवारी दुपारी बारा वाजता पोरगा उठला, तेव्हा त्यांनी काजूच्या बिया निवडता निवडता तोंड सोडलं. "भीक मागतलंस! आमच्या घराण्यात कोणी बाटलीक हात लावूक नाय!" प्रथमेश म्हणाला, "मी काय रोज पितंय? आठवड्यातून एकदा." बाबांनी हात उगारला, आईने मध्ये पडून तो धरला. त्या आठवड्यात प्रथमेश शुक्रवारीही प्यायला.

दुसरा प्रयत्न काकांचा. त्यांनी पोराला देवळात नेलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची बुद्धी सरळ कर. आजपासून तेचो हात बाटलीक लागूचो नाय असा कर रे म्हाराजा!" जमलेल्या चार माणसांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. प्रथमेशनेही म्हटलं. देवासमोर तो खोटं बोलला नव्हता. त्या क्षणी त्याला तसंच वाटत होतं. पण शनिवारी सोबत्यांनी ग्लास पुढे केला, तेव्हा नाही कसं म्हणायचं, हे त्या गाऱ्हाण्यात कुठेच आलेलं नव्हतं. शपथ मोडली. मग आता मोडलीच आहे, तर मोजून कशाला प्यायची, म्हणून तो दुप्पट प्यायला.

तिसरा प्रयत्न कारखान्यातल्या साहेबांचा. सोमवारी हजेरी चुकली म्हणून त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि आपण तेवीस वर्षांचे असताना काय काय केलं, ते अर्धा तास ऐकवलं. प्रथमेशने मान डोलावली. बाहेर येताना त्याच्या मनात एकच विचार होता. साहेब स्वतः दर पार्टीत किती घेतात, ते सगळ्या पॅकिंग सेक्शनला ठाऊक आहे.

ज्याच्यावर आरोप होतो, तो स्वतःचा वकील होतो. प्रत्येक उपदेशाबरोबर प्रथमेशचा खटला अधिक मजबूत होत गेला. मी रोज पीत नाही. माझ्या पैशाची पितो. सगळेच पितात. ही उत्तरं त्याला आता तोंडपाठ झाली होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री साडेअकराला त्याची बाईक गोव्याच्या हद्दीतच रस्त्याकडेच्या खडीवरून घसरली. मागून गाडी येत नव्हती, एवढंच नशीब. कोपर फाटलं. सकाळी तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "प्यायला होतास?" त्याने हो म्हटलं. डॉक्टरांनी आणखी काही न बोलता केस पेपरवर एक ओळ लिहिली आणि शेजारच्या खोलीत जायला सांगितलं.

त्या खोलीत शुभांगीताई बसायची. ती डॉक्टर नव्हती, मानसोपचारतज्ज्ञही नव्हती. बारावी झालेली, शेजारच्याच गावची. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन समुपदेशक झालेली. प्रथमेश आपली तिन्ही उत्तरं तयार ठेवूनच आत गेला.

"कोपर दुखतंय ना?" तिने विचारलं. "तुझ्या पिण्याबद्दल थोडं बोललं तर चालेल? नको असेल तर राहू दे."

परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती. तो म्हणाला, "चालेल."

ताईने एक कागद आणि पेन्सिल त्याच्याकडे सरकवली. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ती 'ऑडिट' नावाची चाचणी होती. प्रश्न दहा. किती वेळा पितोस, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं झालं का, सकाळी उठल्यावर पहिला घोट लागतो का, रात्रीचं काही आठवत नाही असं झालं का, तुझ्या पिण्यामुळे तुला किंवा दुसऱ्याला इजा झाली का. प्रत्येक उत्तराला ० ते ४ मार्क.

"मार्क तूच घाल," ताई म्हणाली.

दुसऱ्या प्रश्नापाशी तो अडला नाही. "दोनच घेतो. एक स्ट्राँग बीअर आणि वर एक नाइन्टी."

"आपण मापात मोजून बघू या? तीस मिलीचा एक पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ते एक माप. स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची बाटली, आठ टक्क्यांची. त्यात किती असेल?"

औषधाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला मिलीलिटर आणि टक्के शिकवावे लागत नाहीत. त्याने कागदाच्या कडेला आकडे मांडले. बीअरची चार मापं, नाइन्टीची तीन. दोनाचे सात झाले.

"यकृत तासाला साधारण एक माप काढून टाकतं," ताईने एवढीच भर घातली.

प्रथमेश पुन्हा हिशेबाला लागला. "आम्ही साडेआठला बसतो. म्हणजे सगळी उतरायला पहाटेचे साडेतीन." मग तो थांबला. "आणि मी बाईक काढतंय अकराक."

ताई काही बोलली नाही. त्याने उरलेले प्रश्न भरले. सहाव्या, सकाळच्या घोटाच्या प्रश्नाला शून्य. इजेच्या प्रश्नाला पूर्ण चार. घरच्यांनी पिणं कमी करायला सांगितलं का, या शेवटच्या प्रश्नालाही चार. बेरीज आली १८.

"चाळीसपैकी. पास की नापास?" त्याने हसत विचारलं.

"ह्या परीक्षेत कमी मार्क मिळवायचे असतात. आठपासून धोका सुरू होतो. वीस किंवा त्याहून जास्त झाले तर शरीर दारूवर अवलंबून आहे का, ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं. तू अठरावर आहेस. तुला काय वाटतं?"

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. ताईने घाई केली नाही. मग तिने विचारलं, "पिण्यातलं तुला आवडतं काय?"

हाही प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो बोलू लागला. आठवडाभराचा शीण जातो. सोबत्यांत बसलं की हसायला मिळतं. एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, ते उघडतं. ताईने मान हलवत सगळं ऐकलं, एकही मुद्दा खोडला नाही. मग म्हणाली, "आणि न आवडणारं?"

रविवारची तालीम. आठशे-हजाराचा शनिवार. बाईकचा आवाज येईपर्यंत ओटीवर बसून राहणारी आई. आणि आता हे कोपर. गणपतीत डबलबारी आहेत. हात वळला नाही तर पखवाज दुसरा कुणीतरी घेणार.

"पिणं कमी करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांग."

"सहा."

आता विचारणार, दहा का नाही. त्याची उत्तरं तयार होती. पण ताईने विचारलं, "सहा का? दोन का नाही?"

या साध्या प्रश्नामागे बराच अभ्यास आहे. माणसाच्या बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यावीत, अशी संवादाची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारू पिणाऱ्यांसोबतच्या कामातून मांडली. प्रथमेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच जाणवलं, की दोन का नाही ते सांगायचं, तर पिणं कमी का करायला हवं ते आपल्यालाच सांगावं लागणार. वकील तोच होता, पण अशील बदललं होतं. तो पाच मिनिटं बोलला आणि बाबांच्या सगळ्या आरडाओरड्यात नव्हती इतकी कारणं त्याने स्वतः सांगितली.

"माझं मत सांगू?" ताईने पुन्हा परवानगी मागितली. "सगळ्यांत सुरक्षित म्हणजे अजिबात न पिणं. डॉक्टरही हेच सांगतील. पण ठरवायचं तू. दुसऱ्यांनी काय काय केलं ते सांगते. त्यातलं तुला झेपेल ते उचल." कुणी बसण्याआधी पोटभर जेवतं. कुणी दर पेगानंतर ग्लासभर पाणी पितं. कुणी 'राउंड'मध्ये सामील होत नाही, आपलं आपण मागवतं. कुणी खिशात मोजकेच पैसे ठेवतं. कुणी शनिवारच्या संध्याकाळी दुसरंच काम लावून घेतं.

प्रथमेशने तीन गोष्टी उचलल्या आणि केस पेपरच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. बाईक असेल त्या दिवशी एक थेंबही नाही. कधीही तीन मापांच्या वर नाही. महिन्यातले दोन रविवार तालमीला. खाली ताईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. सोबत्यांनी आग्रह केला तर काय म्हणशील? 'उद्या वाजवूचा आसा.' एवढ्यात पाऊण तास झाला होता.

बाहेर बाबा बसले होते. पोराच्या हातात ना गोळ्या, ना इंजेक्शनची चिठ्ठी. ते ताईपाशी आले. "काय सांगितलंत तुम्ही त्याला?"

"फारसं काही नाही. आमचं काय बोलणं झालं, ते तोच सांगेल तुम्हाला."

"नुसत्या बोलण्याने दारू सुटते?"

ताईने खोटी आशा दाखवली नाही. तिने गोव्यातलीच गोष्ट सांगितली. 'संगाथ' या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. सगळे घातक म्हणावं इतकं पिणारे, 'ऑडिट'मध्ये १२ ते १९ मार्क मिळवलेले. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. काहींना त्यांच्या जोडीला तिच्यासारख्याच, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार वेळा बोलायला मिळालं. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांतले शंभरातले २६ धोक्याच्या रेषेखाली आले होते, समुपदेशन मिळालेल्यांतले ३६. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे छापून आलं.

"म्हणजे शंभरातले चौसष्ट तसेच," बाबा म्हणाले.

"हो. म्हणून तर पुन्हा बोलवलंय त्याला. आणि तुम्हाला एक विचारू? रविवारी तो तालमीला गेला, तर तुम्ही काय म्हणाल?"

बाबांनी थोडा विचार केला. "पेज गरम ठेवीन," ते म्हणाले.

जून-जुलै बरा गेला. मग एका सोबत्याच्या हळदीला गाडी घसरली. यावेळी रस्त्यावर नव्हे, हिशेबात. प्रथमेश नऊ मापं प्यायला. बाईक मात्र काढली नाही, मांडवातच झोपला. ताईकडे जाताना त्याचे पाय जड झाले होते. ताई रागावली नाही आणि असू दे असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, "त्या दिवशी पहिल्या पेगाआधी काय काय झालं होतं?" तो आठवत गेला. दुपारपासून उपाशी होता. मांडवात राउंड चालू होते, मोजदाद सुटली. त्याने केस पेपरवर चौथी ओळ लिहिली. जेवल्याशिवाय नाही, राउंडमध्ये नाही. देवळातली शपथ एकदा मोडली की संपली होती. हा कागद मात्र चुकल्यावर आणखी नेमका झाला.

गणपतीत त्याचं कोपर वळलं. तीन डबलबारींत त्याने पखवाज वाजवला. शनिवारच्या बैठकीला तो अजूनही अधूनमधून जायचा, तीन मापांवर थांबायचा, कुणाच्या तरी मागे बसून घरी यायचा. लोक कौतुक करू लागले. आणि इथूनच गोष्टीला वळण लागलं.

गावात बाळा होता. चौतिशीचा, आंब्याच्या आणि मासळीच्या गाड्या मारणारा टेम्पोवाला, प्रथमेशला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा. त्याच्या सीटखाली कायम बाटली असायची. प्रथमेशला वाटलं, मला जमलं तर बाळाला का जमू नये? दिवाळीनंतर एका रविवारी तो बाळाकडे गेला. आपण कसे सुधारलो ते त्याने तासभर सांगितलं. यकृत, मापं, टक्के, सगळं समजावलं. बाळा मान खाली घालून ऐकत होता. मध्येच एकदा म्हणाला, "माझा हात बग रे. घोट गेलो काय मग गप रवता." प्रथमेशने ते ऐकलं आणि पुढे बोलत राहिला.

मग तो बाळाला देवळात घेऊन गेला. नारळ ठेवला, काकांना गाऱ्हाणं घालायला लावलं. यावेळी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा!" प्रथमेश म्हणाला. घरी येऊन त्याने बाळाची बाटली ओतून टाकली, टेम्पोची किल्ली खिशात घातली आणि रजा टाकून राखणीला बसला.

दुसऱ्या दिवशी बाळाला घाम फुटला. हातपाय कापू लागले, अन्न जाईना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. प्रथमेश म्हणाला, "धीर धर, दोन दिवसांत बरा वाटतला." तिसऱ्या रात्री बाळा भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मग तो दाराशी उभ्या असलेल्या वडिलांशी बोलू लागला. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. प्रथमेशने घाबरून ताईला फोन लावला.

"एक मिनिट थांबू नको," ताई म्हणाली. "१०८ ला फोन कर."

सावंतवाडीच्या रुग्णालयात बाळाला शांत करणारी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, बी-वन जीवनसत्त्व दिलं. डॉक्टरांनी प्रथमेशला बाजूला घेऊन सांगितलं, की वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर मेंदू खवळतो. झटके येतात, भास होतात आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. अशा माणसाची दारू रुग्णालयात, औषधांच्या आधाराने सोडवायची असते. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." ते पुढे बोलले नाहीत.

दोन दिवसांनी प्रथमेश ताईच्या खोलीत गेला. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"तुझी बेरीज तू केली होतीस. बाळाची?"

"केली नाय."

"सकाळी पहिला घोट किती वाजता घेतो, एवढं तरी विचारलंस?"

"नाय."

"मग काय केलंस?"

"सांगितलं," प्रथमेश म्हणाला.

तो घरी जाऊन त्या दहा प्रश्नांचा कागद शोधू लागला. सापडला. सहावा प्रश्न सकाळच्या घोटाचा होता. त्या प्रश्नाला त्याचे स्वतःचे मार्क शून्य होते, म्हणून तो त्याला आठवलाच नव्हता. बाळाने तर कापणारा हात पुढे करून उत्तरही दिलं होतं. प्रश्नच न विचारणाऱ्याला उत्तर ऐकू आलं नाही.

रुग्णालयात जाऊन त्याने पहिल्यांदा बाळाला विचारलं, "बाळा, तुका काय व्हया?" बाळा म्हणाला, "टेम्पो. आणि माझी चेडवां माका बघून आत पळतत, ता बंद व्हया." पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तो पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये दाखल झाला. त्याची वाट प्रथमेशच्या वाटेपेक्षा लांब आहे. त्याला तीन मापांवर थांबण्याची मुभा नाही, औषधं आणि तपासण्या चालू आहेत. प्रथमेश आता त्याला काही समजावत नाही. महिन्यातून एकदा फोन करतो आणि विचारतो.

तात्पर्य : दुसऱ्याला सुधारायची घाई झालेल्याने आधी विचारायला शिकावं, आणि विचारल्यावर ऐकायला. आपल्याला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. ज्याला स्वतःची बेरीज करता येते, त्याच्या हाती पेन्सिल द्यावी. ज्याचा हात पेन्सिल धरतानाही कापतो, त्याला आधी डॉक्टरकडे न्यावं.